पाठीवर बांधलेल्या बाह्या

"बाई, लगेच या. रात्रीतून दुकानात कोणीतरी शिरलं होतं," लाँड्रीवाल्या काकूंची थोरली मुलगी फोनवर म्हणाली.

"काय गेलं?"

"गेलं काहीच नाही. इस्त्री करून गेलं."

फौजदारबाईंनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि टोपी उचलली. बाजूला बसलेल्या हवालदाराला राहवलं नाही.

"बाई, तो चोर सापडला तर आमच्या घरी पाठवा. बायको जन्मभर नाव काढेल."

बाई हसल्या नाहीत. त्यांचे स्वतःचे गणवेश त्याच लाँड्रीत जायचे. दुकान चालवणाऱ्या काकू गणवेश देताना कॉलरवरून एकदा हात फिरवत आणि दुसरीकडेच कुठेतरी पाहत. तो हात बाईंना नेहमी अस्वस्थ करायचा.

दुकान चिंचोळं होतं. पुढे गिऱ्हाइकांसाठी काउंटर, आत भिंतीला चिकटून इस्त्रीचं लांब टेबल, मागे बॉयलरची शेड. काकूंची नजर अधू झाल्यापासून कपड्यांचा ढीग वाढत चालला होता. तो ढीग आज नव्हता. टेबलावर घड्या घातलेले शर्ट ओळीने मांडले होते.

काकू स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर एक घडी, तिच्यावर बोटं.

"धाकटा आलाय," त्या म्हणाल्या. एखादा बाहेरून येऊन हातपाय धुतोय, इतक्या साधेपणाने.

"कशावरून म्हणता?"

"ही घडी बघा. बाह्या पाठीवर एकमेकींत अडकवलेल्या. शिपाई विश्राममध्ये हात मागे बांधून उभा राहतो ना, तशा. भरतीच्या आधीपासून त्याला तेच वेड. ही घडी त्यानेच शोधून काढली, दुसऱ्या कोणाला जमत नाही. आणि शेडमधून इकडे यायच्या मधल्या दाराची कडी. दार थोडं वर उचलून ढकललं की ती निसटते. उशीर झाला की तो तसाच आत यायचा. हे घरच्यांशिवाय कोणाला माहीत?"

सात वर्षांपूर्वी काकूंचा धाकटा मुलगा लढाईवर गेला होता. माघारीच्या गोंधळात बेपत्ता झाला. तो मेला असं कोणी कळवलं नाही, जिवंत आहे असंही नाही. काकूंनी त्याची वाट पाहणं हे रोजच्या कामातलंच एक काम करून टाकलं होतं.

थोरलीने बाईंना काउंटरबाहेर ओढलं. तिचे डोळे जागरणाने लाल झाले होते.

"गेल्या आठवड्यातही थोडे शर्ट असेच झाले होते. मला वाटलं, आईनेच चाचपडत केले असतील. बाई, गुरुवारी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. आता टाळलं तर उरलीसुरली नजरही जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय. आणि ती म्हणते, मी इस्पितळात गेले आणि तो येऊन परत गेला तर? जागची हलणार नाही म्हणते. तो आलाय की नाही, एवढंच मला सांगा. काहीही असलं तरी चालेल, पण नक्की सांगा."

"आणि खरंच आला असेल तर? आईसमोर का येत नाही?"

"तोच विचार करून डोकं फुटायची वेळ आलीय."

बाई टेबलाशी गेल्या. इस्त्री उजवीकडच्या स्टँडवर उभी होती. पाणी मारायची बाटलीही उजवीकडेच.

"इथलं काही हलवलंत?"

"काही नाही. सकाळी दिसलं तसंच आहे."

दुकानात इस्त्री करायला एक जुना कारागीर होता. डाव्या हाताने काम करायचा, म्हणून सगळे त्याला डावरा म्हणत. धाकट्याला इस्त्री धरायला त्यानेच शिकवलं होतं.

"ही घडी तुला येते?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. पोराने दहादा दाखवली. टेबलाला भिंत लागून, म्हणजे बाजूला उभं राहूनच बघायचं. त्यात माझे हात उलटे. शेवटी तोच म्हणाला, मामा, तुम्ही नाद सोडा."

"रात्री कुठे होतास?"

"घरी. बायकोला विचारा. माझ्या घोरण्यावरून भांडायला ती एका पायावर तयार असते."

मागच्या शेडमध्ये बॉयलरचा मिस्त्री गुडघ्यावर बसून झडप साफ करत होता. तिशी उलटलेला, शांत माणूस. बाईंची चाहूल लागताच उठून उभा राहिला.

"इथे कधीपासून येता?"

"गेल्या हिवाळ्यापासून. आठवड्यातून एकदोनदा."

"या शेडची किल्ली?"

"माझ्याकडे आहे. दुकानाची नाही. मधल्या दाराला आतून कडी असते."

"बिघडलंय काय?"

"आजोबांना जरा खोकला झालाय," बॉयलरवर थाप मारत तो म्हणाला. "वय झालं. होतील ठीक."

बाई परत फिरल्या. मनात काहीतरी खटकलं होतं, पण काय ते हाताला लागेना. त्या दुकानात येरझाऱ्या घालू लागल्या, तशी थोरली म्हणाली, "बसा तरी."

"बसलं की मला सुचत नाही. धाकट्याने स्वतः घातलेली एखादी घडी आहे का घरात?"

होती. वरच्या खोलीतल्या कपाटात, जायच्या दिवशी त्याने ठेवलेला निळा शर्ट. सात वर्षांत तो कोणी उलगडला नव्हता. घडीच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. थोरलीने तो दोन्ही तळहातांवर उचलला.

बाईंनी रात्रीचे काही शर्ट वर आणले, त्यातला एक शेजारी ठेवला आणि दोन्ही पालथे केले. मग खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिले.

निळ्या शर्टात उजवी बाही वर होती. रात्रीच्या शर्टात डावी. बाकीच्या सगळ्या शर्टांतही डावीच वर.

"म्हणजे हा डाव्या हाताचा माणूस," थोरली पुटपुटली. "मामा? आईला बरं वाटावं म्हणून त्यांनीच..."

"मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण डावरा इस्त्री ठेवतो कुठे?"

"आल्या आल्या स्टँड डावीकडे सरकवतो. उजवीकडे असली की शिव्याच..." ती थांबली.

"आणि सकाळी ती उजवीकडे होती. कोणी मुद्दाम सोंग करत होतं म्हणावं, तर इतकं बारीक सोंग करणारा बाहीची चूक कशी करेल? धाकटा काम करताना बोलायचा का?"

"तोंड म्हणून मिटायचं नाही. सगळ्यांना टोपणनावं द्यायचा. हवालदाराला चष्मा, मला मुकादम. बॉयलरला आजोबा म्हणायचा. तो गेल्यावर आईला ते ऐकवेना. तेव्हापासून आम्ही कोणी ते नाव घेतच नाही."

बाईंच्या येरझाऱ्या थांबल्या.

"सगळ्यांना खाली बोलव," त्या म्हणाल्या. "मिस्त्रीलाही."

काकू काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसल्या. थोरली त्यांच्या मागे. डावरा टेबलाला टेकून. मिस्त्री फडक्याने हात पुसत शेडच्या दारात उभा राहिला.

"काकू, मी जे सांगणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही," बाई म्हणाल्या. "काल रात्री धाकटा आला नव्हता."

काकूंची बोटं घडीवर थांबली.

"घडी त्याचीच आहे, पण उलटी आहे. त्याची उजवी बाही वर येते, हिची डावी. डावऱ्याचे हात तसे चालतात, पण इस्त्री उजव्या हाताने केलेली आहे. उजव्या हाताचा माणूस उलटी घडी कधी घालेल? समोर बसून शिकला असेल तर. आरशात पाहून शिकावं तसं. या दुकानात धाकट्याच्या समोर भिंत होती. इथे ती घडी समोरून पाहणं कोणालाच शक्य नव्हतं. मग ती समोरून कुठे दिसली असेल? बराकीत. जिथे खाटा समोरासमोर असतात."

शेडमध्ये वाफ सुटल्याचा आवाज आला.

"ज्याने घडी पाहिली, त्याने गप्पाही ऐकल्या. घरच्या दाराची कडी कशी निसटते ते ऐकलं. बॉयलरचं नावही ऐकलं. सात वर्षं या घरात कोणी ते नाव उच्चारलेलं नाही. मिस्त्री, तुम्ही आलात गेल्या हिवाळ्यात. बॉयलरला आजोबा म्हणतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मिस्त्रीने फडकं घडी करून खिशात ठेवलं. मग पुन्हा बाहेर काढलं.

"त्यानेच," तो म्हणाला. "माझी खाट त्याच्या समोर होती."

थोरलीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "आणि इतके महिने तू आमच्या घरी येतोस, चहा पितोस, आणि..."

"सांगायलाच आलो होतो, ताई. पहिल्याच दिवशी. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, बॉयलरचा माणूस ना? किती वाट पाहायला लावलीत. फौजेत मी तेच काम करायचो. तोंडून हो निघून गेलं. मग दर वेळी ठरवायचो, आज सांगू. काकू विचारायच्या, जेवलास का? ते ऐकलं की मी सरळ बॉयलरकडे वळायचो. त्यांना दिसेनासं झालं, ढीग साचायला लागला. म्हटलं, सांगता येत नाही तर निदान एवढं तरी करू."

"आणि घडी? माझ्या आईला वेडं करायला?"

"नाही हो," तो कळवळला. "आमच्या तुकडीत सगळेच तशी घालतात. त्याने सगळ्यांना शिकवली. ती फक्त त्याची होती, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही."

काकूंनी मान वर केली. आता त्यांनी विचारलं, "कुठे गेला तो?"

"नदी ओलांडत होतो. दोर सुटला. मी हाक मारली, त्याने वळून पाहिलं. मग दिसला नाही. आम्ही दोन दिवस काठाने शोधत फिरलो. मी तसं लिहूनही दिलं होतं, पण देह मिळाला नाही, म्हणून बेपत्ता म्हणाले."

"वळून पाहिलं?"

"हो."

"घाबरला होता?"

मिस्त्रीने डोळे पुसले. "घाबरला होता, काकू. आम्ही सगळेच घाबरलो होतो."

काकूंनी मान हलवली. तो धीट होता असं सांगणारी माणसं त्यांना आजवर पुष्कळ भेटली होती, आणि त्यातल्या एकावरही त्यांचा विश्वास बसला नव्हता. त्या रडल्या, आवाज न करता, बराच वेळ. थोरलीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. फौजदारबाईंना बाहेर जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हता.

मग काकूंनी मांडीवरची घडी उलगडली आणि शर्ट काउंटरवरून पलीकडे सरकवला.

"घाल बघू."

मिस्त्री काउंटरच्या आतल्या बाजूला, त्यांच्या समोर उभा राहिला. शर्ट पालथा पसरला. काकू वाकून, डोळे बारीक करून पाहत होत्या. कापड त्यांना धूसर दिसत असावं, पण हात दिसत होते. त्याने आपली उजवी बाजू आधी घेतली. काकूंच्या बाजूने ती डावी होती. मग दुसरी बाही तिच्यावर आली आणि अडकली.

"असंच," काकू म्हणाल्या. "डावी आधी. अगदी असंच करायचा."

समोरून पाहिल्यामुळे झालेली ती चूक त्यांना कोणी सांगितली नाही. बाईंनीही नाही.

काकू पदराने तोंड पुसून उठल्या आणि थोरलीला म्हणाल्या, "गुरुवारी सकाळी किती वाजता निघायचंय ते डॉक्टरांना विचारून घे." मग चाचपडत शेडच्या दारापर्यंत गेल्या आणि ढिल्या कडीवर हात ठेवला.

"मिस्त्री, ही आता नीट बसवून टाक. आणि उद्यापासून पुढच्या दाराने ये."