कापलेली कड

फैजपूरजवळच्या केळीबागेत एका सिनेमाचं शूटिंग झालं, तेव्हा आमचा मुलगा लीलाधर मजुरांच्या रांगेत उभा राहिला होता. खांद्यावर केळीचा घड, पडद्याच्या अगदी उजव्या कडेला. टॉकीजमध्ये माझ्या बायकोने, पुष्पाने, त्याला मोठ्याने हाक मारली, तेव्हा लोक हसले होते. पुढच्याच वर्षी तो काविळीने गेला.

त्याची हलती छबी तेवढीच. त्यामुळे यावलच्या तोतारामकडे त्या सिनेमाची कॅसेट आल्याचं कळलं, तसे आम्ही दोघं दुपारच्या एसटीने निघालो. तोताराम पूर्वी टॉकीजात मशीन चालवायचा; आता त्याचं व्हिडिओचं दुकान होतं. त्याने शटर अर्धं ओढून टीव्ही लावला.

बाग आली. नायिका आली. मजुरांची रांग आली. लीलाधर नव्हता.

"टॉकीजचा पडदा रुंद, नाना. टीव्हीत तेवढं मावत नही," तोताराम म्हणाला. "हिरोईन मधी, मजूर कडेले. कैची कडेलेच लागते."

"मीच सांगितलं होतं त्याला," पुष्पा म्हणाली. "म्हटलं, पुढे पुढे करू नको."

तिने तोच प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. आणि या खेपेला उजवीकडून घडाचं टोक आत आलं. मग खांदा... मग तो. चौकटीच्या कडेला उभा, नजर चौकटीबाहेर.

तोतारामचं बोट बटणावर तसंच राहिलं.

"असा शॉट कोणी घेत नही," तो हळूच म्हणाला. "माणूस जिकडे पाहतो, तिकडे जागा सोडावी लागते."

"कोणाकडे पाहतोय तो?" पुष्पाने विचारलं.

"ते पुढच्या शॉटमधी दाखवतात, अक्का..."

पुढचा शॉट आला. आमची ओसरी होती. कॅमेरा घराच्या आत, दारापाशी, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. बाजेवर मी पाठमोरा, केस पूर्ण पांढरे. मी डाव्या कडेला बसलेलो. उजवी बाजू मोकळी. मग कोणी हाक मारावी तशी मी मान वळवू लागलो... आणि वीज गेली.

वीज आल्यावर पडद्यावर पुन्हा नायिका होती, आणि नुसती बाग.

परतीच्या एसटीत पुष्पा म्हणाली, "त्यात मी कुठे होते, हो?"

"कडेला असशील," मी म्हणालो. "कापली गेली असशील."

ती हसली नाही.

ती गेली त्याला आता वर्ष होईल. माझे केस पांढरे झालेत. संध्याकाळी मी ओसरीतल्या बाजेवर डाव्या कडेलाच बसतो. तिची बाजू मोकळी ठेवतो. दार पाठीमागे असतं. काही दिवसांपासून आतून केळीच्या ओल्या चिकाचा वास येतो. लीलाधर गेल्यापासून आमच्या घरात केळी आलेली नाहीत.

काल आतून कोणीतरी हळू म्हणालं, "अहो..."

मी अजून मान वळवलेली नाही.