शेवटचं गाणं संपेपर्यंत

सैलपट्टी कपाळाला न लावता रहस्याचा जपानी ॲनिमे बघणं म्हणजे आता मीठ न घालता पिठलं खाण्यासारखं झालं होतं. नाशिकच्या कारखानिसांच्या घरातही पट्ट्या होत्या. एक शैलेशची, एक त्याच्या बायकोची, अस्मिताची. तिसरी कपाटात पडून होती, ती ओजसची.

ओजस त्यांचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी घाटात त्याची गाडी कोसळली आणि तेविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या खात्यात 'ओहोटी' नावाची मालिका नवव्या भागावर थांबलेली सापडली. पोरानं अर्धवट टाकलेलं आपण पुरं करू, असं म्हणून दोघांनी ती पहिल्यापासून बघायला घेतली. रोज एक भाग, संध्याकाळी साडेसहाला.

त्या मालिकेतला इत्सुकी समुद्रकाठच्या गावात आपल्या हरवलेल्या बहिणीला शोधत असतो. तिची पत्रं त्याला येत असतात. खरं तर बहीण केव्हाच बुडालेली असते आणि पत्रं हा पठ्ठ्या स्वतःच स्वतःला लिहीत असतो. पण बघणाऱ्याला शेवटपर्यंत याचा वास लागत नाही, आणि ती करामत सैलपट्टीची.

आपला मेंदू प्रत्येक आठवणीला एक खूणगाठ बांधून ठेवतो. हे घडलं, हे नुसतं मनात आलं. स्वप्नात जेवलेला माणूस सकाळी पोट भरलंय असं म्हणत नाही, ते या खूणगाठीमुळे. पट्टी ती गाठ अर्धा तास सैल करते, म्हणून इत्सुकीचा भ्रम आपल्यालाही डोळ्यांनी पाहिल्यासारखा खरा वाटतो. भाग संपला की पडद्यावर नावं येतात, मागे तीन मिनिटांचं गाणं वाजतं आणि तेवढ्या वेळात पट्टी गाठ पुन्हा आवळते. खोक्यावर ठसठशीत लिहिलेलं असतं, गाणं संपेपर्यंत पट्टी काढू नये.

आता सांगा, आपल्याकडे नावं यायला लागल्यावर बसून राहतं कोण? त्यात सात म्हणजे दिवेलागणीची वेळ. नावं आली रे आली की शैलेशच म्हणायचा, "ऊठ, दिवा लाव." अस्मिता पट्टी काढून देव्हाऱ्याकडे जायची. हा आळशी माणूस मात्र पाय पसरून गाणं ऐकत पडायचा. सव्वीस भाग, सव्वीस संध्याकाळी.

दिव्यासमोर हात जोडून ती मनात आणायची, ओजस असता तर आता कुठे असता, काय करत असता. गाठ सैल असतानाच आणायची, त्यामुळे ते घडल्यासारखंच मनात बसायचं.

एके दिवशी तिनं भाजी निवडता निवडता सांगितलं, ओजसचा फोन आला होता, तिकडे जपानात साप्पोरोला खूप थंडी पडलीय म्हणे, पण नोकरी छान आहे. शैलेशच्या पायाखालची जमीन सरकली. त्यानं गुपचूप भिंतीवरचा ओजसचा फोटो काढला, हार बाजूला केला आणि फोटो कपाटात ठेवला. त्या दिवसापासून तो हो ला हो म्हणत राहिला. खोटं बोलताना त्याला जड गेलं नाही, उलट बरं वाटलं. ही गोष्ट तो कुणाला सांगणार?

आठ महिने असे गेले. ती रोज साप्पोरोच्या गोष्टी सांगायची, त्यातच ओजसच्या लहानपणीच्याही. गोदावरीत वाहून गेलेली त्याची चप्पल आणि तिकडे घेतलेले बर्फातले बूट, सगळं एका दमात. मग तिनं चांदवडच्या वडनेऱ्यांना कळवून टाकलं, रविवारी मुलीला घेऊन या, मुलगा सुट्टीवर येतोय. शैलेश हादरला. स्वतःच्या घरातलं खोटं निराळं, दुसऱ्याच्या पोरीला त्यात कसं ओढायचं?

तो पुण्याला डॉ. फरीदा मुकादम यांच्याकडे गेला. खूणगाठीच्या अभ्यासात त्यांनी आयुष्य घालवलेलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, शेवटचा भाग पुन्हा दाखवा, गाणं पूर्ण ऐकवा, गाठ आवळली जाईल.

"मग झालं की," शैलेश म्हणाला.

"नाही झालं. आठवण बाहेर काढली की ती ओल्या पापडासारखी होते. शेजारच्याला चिकटते आणि तशीच सुकते. तुमच्या पत्नीनं आठ महिने खरं आणि खोटं एकत्र वाळत घातलंय. आता गाठ बसेल ती दोन्हींना मिळून एकच. सगळं खरं, नाहीतर सगळं खोटं."

"आणि काहीच केलं नाही तर?"

"तर रविवारी पाहुणे येतील."

शनिवारी संध्याकाळी दोघं पट्ट्या लावून शेवटचा भाग बघायला बसली. इत्सुकीला पत्रांतलं अक्षर स्वतःचं असल्याचं कळलं. नावं यायला लागली. अस्मिता सवयीनं उठू लागली, तसा शैलेशनं तिचा हात धरला. दिवा राहू दे जरा, गाणं ऐक, म्हणाला. तीन मिनिटं तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. ती कोसळेल, आपण सावरू, या वेळी दोघं मिळून रडू, एवढीच त्याची तयारी होती.

तिनं पट्टी काढली. रडली नाही. वडनेऱ्यांना स्वतः फोन लावला, माझा मोठा गैरसमज झाला होता, माफ करा, म्हणाली. मग तिनं दिवा लावला. शैलेशच्या जिवात जीव आला. त्यानं कपाटातून फोटो काढून जुन्या खिळ्यावर अडकवला.

अस्मिता आली आणि फोटोसमोर उभी राहिली.

"हा कुठून करून आणलास? अगदी माझ्या मनातल्यासारखा आहे रे."

शैलेशनं वळून तिच्याकडे पाहिलं.

"मूल नाही म्हणून किती रचत गेले ना मी," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याची चप्पलसुद्धा वाहून घालवली नदीत. आणि तू बिचारा माझ्यासाठी हो हो करत राहिलास."

कपाटात जन्माचा दाखला होता, शाळेची प्रगतिपुस्तकं होती. ती समोर ठेवली असती, तर तिला मुलगा परत मिळाला असता, आणि त्याच क्षणी त्याचं मरणही. दोन वर्षांत तिचा चेहरा इतका निवांत त्यानं पाहिला नव्हता.

"तुलाही वाटायचा का रे तो खरा?"

"कधीकधी," शैलेश म्हणाला.

तिनं मायेनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि कुकर लावायला आत गेली. ओजसला आठवणारं आता या घरात एकच माणूस उरलं होतं, आणि त्यानंही आत्ताच त्याला नाकारलं होतं.