चढावरचा धक्का

जीपचा तो लाल दिवा कधी लागायचा, कधी नाही. बॅटरी चार्ज होत नसली की लागणारा. आठवड्यातनं दोनदा सासऱ्यांना, आण्णांना, घेऊन क्रांती कोडोलीहून राजारामपुरीला डायलिसिसला जायची. तिचा एक डोळा रस्त्यावर, एक त्या दिव्यावर. नवरा, धैर्यशील, मार्गशीर्षात विहिरीवरच्या मोटारीच्या तारेला चिकटून गेला. तेव्हापासून भाकरी, धारा, जीप, सगळं ती करत होती. पण जात्यावर हात फिरावा आणि जीव कुठंच नसावा, तसं.

कसबा बावड्यात गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या विरूपाक्षनं अल्टरनेटर खोलला, पट्टा ताणला. मीटर चौदा व्होल्ट दाखवायचा, म्हणजे चार्जिंग ठीक. त्याच्या दारात जीप शहाण्या पोरीगत वागायची.

"डॉक्टरपुढं गेलं की दुखणं पळतंय बघा, वैनी. तसलं हाय हे."

मग दुखणं वाटेतच धरावं म्हणून तो मीटर घेऊन कोडोलीला आला आणि त्यांच्याबरोबर निघाला. बंद पडल्यावर काय करता, असं त्यानं विचारलं. दुसरा गिअर टाकून क्लच दाबून बसते, कुणीतरी धक्का देतं, असं क्रांती म्हणाली. कोण देतं, ते तिनं कधी वळून बघितलं नव्हतं. रस्त्याला माणसं असतातच.

वाटेत आण्णांना मळमळलं. दोन्ही बाजूंना ऊस, समोर चढ. तिनं जीप थांबवून बंद केली. आण्णांनी चूळ भरली. किल्ली फिरवली तर नुसतं टक्.

विरूपाक्षनं बॉनेट उघडलं, मीटर लावला, एकेक वायर हलवून बघितली. एक वायर वरून धडधाकट आणि आतून तुटलेली निघाली. कधी टेकायची, कधी सुटायची. गावली, म्हणाला. दुकानात गेल्यावर बदलू. आता जीप मागं सोडून उताराला लावू, चढाला धक्का एकट्याच्यानं व्हायचा नाही.

त्यानं बॉनेट लावलं. क्रांती सवयीनं दुसरा गिअर टाकून बसली होती.

तो पुढच्या चाकापाशीच होता, तेवढ्यात जीप हलली.

चढाला गेली. इंजिननं धरलं.

विरूपाक्षनं जीपच्या मागं बघितलं. उसाचं पातंही हलत नव्हतं.

मग तो पळत येऊन क्रांतीच्या शेजारी बसला. बावडा येईपर्यंत मागं वळून बघत राहिला. दुकानाच्या दारात हळूच म्हणाला, "वायर बदलू का, वैनी?"

हे काय विचारणं होतं?

मागून आण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. माझ्या पोराला तेवढंच काम हाय."

ती आण्णांच्या सुजलेल्या पावलांकडे बघत राहिली. एक खेप चुकली तरी या माणसाच्या छातीत पाणी भरेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"बदला," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला दिवा लागला नाही. त्या चढाला जीप एका दमात निघाली. आण्णा मागच्या काचेतून बघत होते.

"क्रांते, हळू घे जरा."

"मळमळतंय का, आण्णा?"

"न्हाय. त्यो मागं पडतोय."

तिनं आरशात बघितलं नाही. पाय तेवढा उचलला.

जीपची मागची बाजू जराशी खाली बसली.

आण्णा सरकून बसले.