ओयमोच्या हातची गोवरी

लाइट गेली ना? बसा इथेच, रजई गुडघ्यांवर ओढा. आणि फर्रुख, नव्या घरात चूल नको म्हणालास म्हणे बापाला? मग ऐक.

सत्तोरला तुम्ही ओळखता. भर उन्हाळ्यात कापूस भरलेला झगा घालून मशिदीच्या कट्ट्यावर बसतो, त्याला हसता तुम्ही. पूर्वी तो असा नव्हता. वीज नीट यायला लागली तशी त्यानं नदीपलीकडचं आपलं घर सुधारायला काढलं. आईची लोखंडी शेगडी वरच्या वाडीतल्या बहिणीला दिली, गाय विकली, संदलीचा खड्डा सिमेंटनं बुजवला. त्याच खड्ड्यातल्या निखाऱ्यांवर चौरंग, चौरंगावर रजई, त्यात पाय घालून त्याच्या आजा-पणजांनी हिवाळे काढले होते. आई, ओयमो, कुरकुरली. हा म्हणाला, आता नुसतं बटण दाबायचं.

त्याच हिवाळ्यात वीज गेली ती आठवडाभर फिरकली नाही. म्हातारी गारठून मेली. शेवटपर्यंत एकच म्हणत होती, एक तरी गोवरी पेटव रे. घरात गोवरी नव्हती.

एवढ्यानं माणूस शहाणा व्हावा की नाही? यानं आणखी मोठा हीटर आणला.

दोन वर्षांनी, जानेवारीची अठरा तारीख, गुरुवारची रात्र. पुन्हा वीज गेली. घरात बायको निगीना आणि नुकतीच जन्मलेली मुलगी. मुलीचे ओठ निळे पडायला लागले तसा सत्तोर उठला आणि बर्फ तुडवत बहिणीकडे गेला, तीच शेगडी परत मागायला. बहिणीनं ती काढून दिली. शेगडी पाठीला बांधून तो माघारी निघाला.

पुलाजवळ त्याला पुढे एक बाई दिसली. वाकलेली, डोक्यावर गोवऱ्यांची पाटी. त्याला बरंच वाटलं. हाक मारली, "मावशी, दोन गोवऱ्या द्या. घरी बाळ आहे."

बाई थांबली नाही. पाटी सावरायला तिनं हात वर केला.

करंगळी नव्हती.

ओयमोची करंगळी कडबा कापताना तुटली होती... लहानपणीच.

बाई वळली. त्याच्याच घराकडे.

मुलीला न्यायला आलीय, एवढंच त्याला सुचलं. शेगडी टाकली. धावला. पडला. उठला. दार उघडंच होतं...

आत लाल उजेड. बुजवलेल्या खड्ड्यावर, सिमेंटवर, निखारे. मुलगी दूध पीत होती. गाल गुलाबी.

"आई येऊन गेल्या," निगीना पेंगत म्हणाली. "म्हणाल्या, पोरीपुरतं आणलंय. सत्तोरला म्हणावं, तुझं तू बघ."

सत्तोरनं निखाऱ्यांवर हात धरले. ऊब नाही. आणखी जवळ नेले...

शेवटी एक निखारा उचलला. मुठीत धरला.

गार.

त्या रात्रीपासून तो झगा त्याच्या अंगावरून उतरलेला नाही. मुलगी धडधाकट आहे, शाळेत जाते. पण त्या रात्रीनंतरच्या सकाळी उंबऱ्यावर एक गोवरी सापडली, त्याच्या वाट्याची. वर हाताचा ठसा, करंगळीची जागा मोकळी. गोवरी ओली होती. दर उन्हाळ्यात तो ती छपरावर वाळत घालतो. वाळली की पेटवीन म्हणतो.

परवा मी स्वतः वर चढून बोट लावून पाहिलं.

बोटाला शेण लागलं.