रेडिएटरातली हळद

लाईट यायला अजून तासभर हाय, मोटर काय आत्ताच सुरू होत न्हाई. शेकोटीत लाकूड सारा अन् गप बसा. ही इकडची तिकडची गोष्ट न्हाई. सिदू मिस्तरी माझ्या सख्ख्या मेव्हण्याचा पोरगा, धारूरला गॅरेज हाय त्याचं. त्याच्या तोंडून ऐकलेली हाय. हसायचं असंल त्यानं आत्ताच उठून जावं बे.

दोन हजार चोवीस साल, डिसेंबरची धा तारीख, मंगळवार. अवस-बिवस काही न्हवती, चांगलं दशमीचं चांदणं पडलेलं.

अमरसिंह म्हणून एका पुढाऱ्याचा पोरगा. त्याची लाल, बसकी स्पोर्ट कार, रस्त्याला पोट घासतंय का काय अशी. ती तापायची. दिवसा न्हाई, सपाटीला न्हाई. फक्त रात्री, धारूरच्या घाटात, एकाच वळणावर. सिदूनं सगळं तपासलं. फॅन फिरतोय. थर्मोस्टॅट काढून उकळत्या पाण्यात टाकला, तर बरोबर उघडला. वॉटर पंप नवा घातला. हवा भरून प्रेशर दिलं, थेंब गळाला न्हाई. तरी त्या वळणावर रेडिएटरातलं पाणी संपायचंच. गळत न्हाई, वाफ न्हाई, मग जातंय कुठं?

"आज तू बस संगं," अमरसिंह म्हणाला. "फॉल्ट न्हाई सापडला तर तुझ्या गॅरेजला कुलूप लावतो."

मग सिदूनं ट्रकवाल्यांचा जुना डाव काढला. रेडिएटरात साधं पाणी भरायचं अन् हळद टाकायची. बारीक भोक असंल तर बुजतं, न्हाई बुजलं तर पिवळा ओघळ दिसतो. घरातली हळदीची बरणी आणली अन् सगळी ओतली. त्याची बायको सत्यभामा वराडली, "आवं, भाजीला चिमूटभर तरी ठिवा!"

आता सिदूनं दाबून ठेवलेली गोष्ट सांगतो. महिन्याआधी हीच गाडी पुढून चेमटून आलती. "रानडुक्कर आडवं आलं," अमरसिंह म्हणाला. सिदूनं पुढची जाळी काढली, तर रेडिएटरच्या पात्यांत हिरव्या काकणांचे तुकडे. रानडुक्कर काकणं भरतंय का बे? सिदू काय समजायचं ते समजला. तुकडे वेचले अन् नालीत टाकले.

दोन दिसांनी चकलांब्याकडचा एक ऊसतोड कामगार आला, रामेश्वर नावाचा. कडेवर दीड वर्साची पोर. घाटात, त्याच वळणावर, त्यांचा ट्रॅक्टर पंक्चर झालता. बायको मुक्ता घागर घेऊन पाण्याला उतरली अन् कुणीतरी गाडीनं उडवली. उडवणारा थांबला न्हाई. पाणी-पाणी करत गेली बिचारी. घागर फुटलेली, आजूबाजूला घोटभर पाणी न्हवतं. रामेश्वर एकेका गॅरेजात हात जोडत फिरत होता, "दादा, चेमटलेली गाडी आलती का?"

सिदू म्हणाला, "न्हाई."

भ्याला. पुढाऱ्याला कोण भेत न्हाई? पण खोटं ते खोटं.

तर त्या मंगळवारी रात्री, अकराला धा कमी, दोघं त्या वळणावर आले. गरमीचा काटा चढला. अमरसिंहनं गाडी उभी केली अन् सिदूच्या आईबहिणीवरून सुरू झाला. सिदूनं बोनेट उघडलं. इंजन नुसतं भाजत होतं. तापल्या गाडीचं झाकण शहाणा माणूस उघडत न्हाई, तोंड सोलून निघतं. फडकं घेऊन त्यानं झाकणाला बोट लावून बघितलं.

गार.

रेडिएटर गार. पाईप गार. माठासारखे. झाकण फिरवलं... आत ठणठणीत कोरडं. बोनेट पाडलं अन् बॅटरी घेऊन गाडीखाली वाकला. पिवळा थेंब न्हाई. कुठंच न्हाई.

मग आवाज आला.

घट... घट... घट...

कडेला एक बाई बसलेली. पाठमोरी. उकिडवी.

"कोण हाय गं तिकडं? चल हट!" अमरसिंह ओरडला.

ती वळली.

ओठ पिवळे. हनुवटीवरून पिवळा ओघळ.

अमरसिंह गाडीत शिरला. दार आपटलं. कोरड्या इंजनावर तसाच सुसाट सुटला. सिदूला तिथंच टाकून.

सिदू... अन् ती.

तिनं हात पुढं केले. भुंडे.

"माझी काकणं?"

सिदू एक पाऊल मागं सरला.

"माझा मालक इचारायला आलता... कावून न्हाई म्हणलास?"

...

सिदू पळाला. "उद्या सांगतो! उद्या चौकीत जाऊन सांगतो!" असं बोंबलत सगळा घाट पळाला. घरी आला तेव्हा पायात चप्पल न्हवती.

सकाळी गाडी घाटाच्या पायथ्याला सापडली. खरचटलीसुद्धा न्हवती. इंजन जाम. काचा वर, दारं आतून बंद. अमरसिंह स्टेरिंगवर पडलेला, ओठ फाटलेले, जीभ वाळल्या चामड्यागत. शेजारच्या सीटवर पाण्याची बाटली होती. भरलेली. सीलसुद्धा मोडलं न्हवतं.

सिदू चौकीच्या पायरीपर्यंत गेला अन् माघारी आला. करणारा तर मेला, आता कशाला उकरून काढायचं, म्हणला. अन् मी पण त्याला म्हणालो, "बरं केलंस बाबा." जोडा मारा मला.

त्याच रात्री सत्यभामा पाणी प्यायला उठली. झोपताना काठोकाठ भरलेला माठ... कोरडा. झाकणावर पेला ठेवलेला. पेल्याच्या काठावर ओठांचा ठसा. पिवळाधमक.

सिदू म्हणाला, "हळदीचा हात लागला का गं तुझा?"

"हळद कुठाय घरात?" ती म्हणाली. "सगळी तुमीच गाडीत ओतली न्हवं."