सारवलेली भिंत

हे तुम्ही खरं मानणार नाही. माझ्या गोष्टींवर विश्वास ठेवून आजवर कोणाचं भलंही झालेलं नाही. तरी ऐका. आमची म्हातारी तिकडं सुपात तांदूळ पाखडते आहे, पण तिचे कान गेलेत. तेव्हा मोकळेपणानं सांगतो.

आमचा चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या हिवाळ्यातलं हे. धानोऱ्याच्या जंगलात एका टेकाडाखाली जुना मंडप सापडला. मातीच्या भिंती, त्यांवर रंगवलेल्या नाचणाऱ्या बायका – तांबड्या, पिवळ्या, हातात हात गुंफलेल्या. देवाच्या उत्सवात राजा इथं बसायचा, असं खोदकामाचे साहेब म्हणत. मी खड्ड्यात बसून कुंचल्यानं माती झाडायचो. एक दिवस वरून मातीचं टोपलं आलं, ते थेट माझ्या डोक्यावर.

"दिसत नाई का तुले?"

"दिसते ना... म्हणून तं नेम बसला!"

ती धुरपता. एटापल्लीकडून बापासोबत कामाला आलेली. तेव्हापासून माझा कुंचला भिंतीवरच्या एकाच बाईच्या गालावर फिरू लागला.

"माती कवाचीच गेली तिची," धुरपता म्हणाली. "आता रंग बी काढतं का?"

"तुह्या गालाले बी माती हाये..."

"राहू दे. मले कुंचला नाई लागत." पदरानं गाल पुसला, आणि मान वळवून हसली.

मग कळलं, दिल्लीचे मोठे साहेब भिंत पाहायला येणार. पाहुणा यायचा आणि भिंतीचे पोपडे निघालेले – धुरपताला ते बघवेना. भल्या पहाटे येऊन तिनं शेणमातीनं अख्खी भिंत सारवली. वर बोटांच्या देखण्या कमानी काढल्या. नाचणाऱ्या बायका गेल्या आत!

आमचे साहेब मटकन खाली बसले. "कोणी केलं? आत्ता घरी जायचं त्यानं."

धुरपता घरी गेली म्हणजे एटापल्लीला गेली. तिथं बापानं तिच्यासाठी पोरगा पाहून ठेवला होता. मी हात वर केला.

"मी केलं, साहेब."

"पुरुष सारवतो? सारवून दाखव."

मी बोटं फिरवली. कमान कसली... म्हशीनं अंग घासावं तसं झालं. तेवढ्यात एक ओला हात माझ्या हातावर आला.

"असं, बयताडा," धुरपता हळूच म्हणाली. "बोटं ढिली सोड..."

कमान उमटली. साहेबांनी फक्त कमान पाहिली आणि मला हाकललं. मी निघालो, तर मागून पैंजण वाजले. धुरपता! आणि तिच्यामागं भिंतीतल्या त्या साऱ्या बायका, हातात हात गुंफून, वरातीला निघाल्यासारख्या—

सूप थांबलं.

"काऊन खोटं बोलून राह्यले जी?" म्हातारी ओरडली. "बायका आल्या, ते राहू द्या. पण हात कवा वर केला तुम्ही? मीच बोट दाखोलं तुमच्याकडं... अन् तुम्ही नाई म्हटलं नाई."