ट्रम्पेटच्या बाजूने

उपेंद्रकाकांच्या गाडीत ईशानी पहिल्यांदा बसली, तेव्हा पुढच्या सीटवर एक तरुण डोळे मिटून बसला होता आणि टेपवर ट्रम्पेट वाजत होतं. काका शेजारच्या फ्लॅटमधले. शारजाच्या अल नहदाहून दुबईला ऑफिसात जाताना तेच आता तिला सोडणार होते.

"ही त्या स्पाय पिक्चरची धून ना? दुसऱ्या भागातली?" तिनं सहज विचारलं.

त्यानं डोळे उघडले, आरशातून पाहिलं. "तिसऱ्या. पहिले चारच खरे. मग संगीतकार बदलला आणि... खलास."

"मला तर नवाच आवडतो. जुन्याचा हीरो कधी घाबरतच नाही. नव्याच्या ड्रममध्ये त्याची छाती धडधडताना ऐकू येते."

"ती धडधड नाही, वॉशिंग मशीन आहे."

काका गालातल्या गालात हसले.

तो लिओ. वसईचा, हॉटेलात बँक्वेटच्या मेजवान्या सांभाळणारा. ती पुण्याची, आर्किटेक्टकडे ड्रॉइंग्ज करणारी. २००२ सालचा जानेवारी होता. रोज सकाळी दुबईच्या वेशीवर गाड्या तासभर इंचाइंचानं सरकायच्या, आणि या दोघांचं भांडण रंगायचं. पंधरा दिवसांत ईशानीची अशी गत झाली, की रस्ता मोकळा दिसला की तिचा चेहरा पडायचा.

एके दिवशी लिओनं तिच्या हातात कॅसेट ठेवली. "एकदाच ऐका. मधे उठायचं नाही."

शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, पडदे ओढून तिनं ऐकली. शेवटी ट्रम्पेट हळूच थांबलं... आणि मागे एकटी बासरी उरली, परक्या शहरातल्या खोलीत जागं असलेल्या माणसासारखी. ईशानीचे डोळे भरून आले.

"मग?" शनिवारी त्यानं विचारलं.

"ठीक आहे. जरा जुनाट वाटतं."

तो पूर्ण मागे वळला आणि दुबईतल्या देऱ्यापर्यंत तिला समजावत राहिला. ती त्याचे हवेत फिरणारे हात बघत राहिली.

मार्चमध्ये पाऊस झाला. तिथं पाऊस म्हणजे रस्त्याचं तळंच. पुढची गाडी बंद पडली. काका पँट दुमडून ती ढकलायला उतरले. काचेवर थेंब ओघळत होते, आत अगदी शांत होतं.

"रविवारपासून मी अबूधाबीला," लिओ समोर बघत म्हणाला. "बदली झाली."

"काल कळलं?"

"महिना झाला. सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याशी गोड बोलायला लागला असता. मला भांडायचं होतं."

ईशानीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला... जुनाच आवडतो."

"कधीपासून?"

"कॅसेट ऐकली तेव्हापासून."

"मग इतके दिवस—"

"लगेच कबूल केलं असतं, तर तुम्ही मागे वळला असतात का?"

तो वळलाच. मग हळूच म्हणाला, "तिथून बसला अडीच तास लागतात. दर शुक्रवारी येत जाऊ?"

"कशाला? आता भांडायला काय उरलंय?"

"काहीच नाही. म्हणूनच."

बाहेर काका भिजून चिंब होऊन परत येत होते, अजून दहाएक पावलं दूर. ईशानीला 'या' म्हणायचं होतं.

"ये," ती म्हणाली.